अबोलीला टाका नव्हता

माझा आवडता रंग अबोली. तो मी कधी पाहिलेला नाही.

आवडता रंग कोणता, हा प्रश्न मला अलीकडेच संगणकाने विचारला. ई-मेलचा पासवर्ड विसरलो होतो. हरकत नाही, तुमचा आवडता रंग सांगा, असं तो म्हणाला. खातं बायकोनं उघडून दिलं होतं आणि असल्या प्रश्नांची उत्तरंही तिनंच भरली होती. मी इंग्रजी अक्षरांत अबोली लिहिलं आणि खातं उघडलं. आत ढीगभर जाहिराती होत्या. त्या एकेक पुसत मी बराच वेळ बसलो. तिला जाऊन चौदा महिने झाले होते आणि मला काय आवडतं हे तेवढ्या काळात दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

मला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. जन्मापासूनच. निळा दिसतो, पिवळा दिसतो. बाकी लाल, हिरवा, तपकिरी, गुलाबी आणि त्यांचे सगळे सोयरेधायरे मला एकाच मळकट कुटुंबातले वाटतात. नावं मात्र सगळी येतात, तीही ऱ्हस्व-दीर्घासकट. पस्तीस वर्षं मी पुस्तकांची मुद्रितं तपासली. आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, शेवाळी, किरमिजी. लेखकांनी चुकीचे लिहिलेले कितीतरी रंग मी दुरुस्त केले आहेत. पांढऱ्यावर काळं, एवढ्यावर माझं पोट चाललं. चुका लाल शाईनं दाखवायच्या असत, म्हणून बायको माझ्या लाल पेनाला रबरबँड गुंडाळून द्यायची.

हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत असताना मी चित्रकलेच्या तासाला झाडाला हिरवं खोड आणि तपकिरी पानं काढली. मास्तर म्हणाले, "काय रे, झाड उलटं लावलंस की काय?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि त्या दिवशी मला एक युक्ती सापडली. लोक हसायला लागले की आपण मुद्दाम केलं होतं असं दाखवायचं. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीला ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं गेलं. त्यातला एकही आकडा मला दिसला नाही. घरी येऊन सांगितलं, जागा आधीच भरल्या होत्या, वशिल्याचं काम. वडिलांनी सरकारला चार शिव्या घातल्या आणि तो विषय मिटला.

युक्ती आयुष्यभर चालली, कारण मी पुण्यात राहतो. इथे खवचटपणा हा दोष धरत नाहीत, स्वभाव धरतात. कुणाच्या लाल शर्टाला मी हिरवा म्हणालो की लोकांना वाटायचं, यात काहीतरी टोमणा आहे, आपल्यालाच कळला नाही. न कळल्याचं कबूल कोण करणार? ते हसायचे. हळूहळू माझी तशी ख्यातीच झाली आणि मग ख्यातीला जागण्यासाठी मला रंग सोडून बाकीच्या बाबतींतही खवचट बोलावं लागलं. पुढे पुढे त्यात नाटक किती आणि मी किती हे मलाही सांगता आलं नसतं.

लग्न जमलं तेही त्यातूनच. मुलगी बघायला गेलो तेव्हा घरून ठरवून निघालो होतो की रंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ती पोह्यांच्या बश्या घेऊन आली. साधी सुती साडी, बोटभर काठ. तिनं माझ्यापुढे बशी धरली आणि वर बघितलं. माझं ठरवलेलं सगळं पोह्यांत गेलं. मी म्हणालो, "हिरवा रंग तुम्हाला खुलून दिसतो."

मग तिचे वडील मोठ्यानं हसले. आतल्या खोलीतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. काहीतरी चुकलं एवढं मला कळलं. मी खाली मान घालून पोहे खाल्ले. आठ दिवसांनी होकार आला.

लग्नानंतर पंधराएक दिवसांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं चार चिमटे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "यातला लाल मला द्या." मी एक दिला. तिनं तो घेतला, दोरीला लावला, आणि हळूच म्हणाली, "अहो, हा हिरवा आहे. मला त्या दिवशीच शंका आली होती. चेष्टा करणारा माणूस चेष्टा केल्यावर समोरच्याचं तोंड बघतो. तुम्ही खाली बघितलंत. आणि साडी अबोली होती."

मी विचारलं, "मग होकार का दिलास?"

"खुलून दिसतेस असं मला आधी कुणी म्हणालं नव्हतं," ती म्हणाली आणि उरलेले तीन चिमटे माझ्या हातातून काढून घेतले.

तेव्हापासून अबोली माझा आवडता रंग झाला. ती त्या साडीला घरात 'तुमची हिरवी' म्हणायची. लग्नाच्या वाढदिवसाला विचारायची, "काय मग, तुमची हिरवी नेसू?" मी नेस म्हणायचो. अबोली कसा असतो हे तिनं मला अनेक तऱ्हांनी सांगून पाहिलं. बाकीचे रंग तिनं मला खाऊ घालून शिकवले होते. आमसुली म्हणजे आमसुलासारखा, आंबट डोळ्यांनी बघायचा. श्रीखंडी, बदामी, वांगी, सगळं स्वयंपाकघरात मिळायचं. अबोली मात्र खायची वस्तू नव्हे. फूल आणावं तर त्या फुलाला वास नाही. नाकानं, जिभेनं, हातानं जग चाचपडणाऱ्या माणसाला नेमका बिनवासाच्या फुलाचा रंग आवडावा, हे माझं नशीब. शेवटी एकदा ती म्हणाली, "सकाळी नवाच्या आधी आपल्या मागच्या भिंतीवर ऊन येतं ना, ते फारसं पिवळं नसतं, अजून गरम नसतं. तसा." तेवढ्यावर मी समाधान मानलं. कोथरूडच्या आमच्या त्या भिंतीवर आता समोरच्या नव्या इमारतीची सावली पडते.

माझ्या कपड्यांना तिनं खुणा केल्या होत्या. कॉलरच्या आत, पँटच्या पट्ट्याच्या आत दोऱ्याच्या छोट्या गाठी. तपकिरीला एक टाका, हिरव्याला दोन, लालसर काही असेल तर तीन. निळ्याला काही नाही, कारण निळा मला दिसतो. सकाळी अंगठा कॉलरखाली घातला की मला कळायचं कोणता शर्ट आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात विचारणारंही कुणी नव्हतं की बाबा कॉलर का चाचपतात. आमच्या दोघांची ती एक भाषाच होती, दोऱ्याची, आणि ती बोलणारे जगात आम्ही दोघंच होतो.

तिनं मला एकदाच खरं खडसावलं. छापखान्यात टायपिंगला एक मुलगी होती, सावळी, चुणचुणीत. लग्न ठरलं तेव्हा सासरहून आलेला ड्रेस घालून आली. सगळे काहीतरी छान बोलत होते, मी गप्प बसणं बरं दिसेना. म्हणालो, "हा हिरवा फार शोभतो हो तुला." ड्रेस लालभडक होता. लाल तुला शोभत नाही हे तिनं जन्मभर ऐकलेलं असणार. आता माझ्या तोंडून तिरकसपणे पुन्हा ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "उद्या जाऊन खरं काय ते सांगून टाका. लाज तुमची आहे, रडायचं तिनं का?" मी गेलो नाही. दोन महिन्यांनी ती मुलगी नोकरी सोडून गेली. ती गोष्ट अजून मला टोचते. एका वाक्यानं मिटणारी होती आणि तेवढं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं.

बायको गेल्यावर घर माझ्यासाठी आणखी मळकट झालं. टोमॅटो पिकला की नाही ते दाबून बघतो. कोथिंबीर सडली की वासावरून कळतं. फोन चार्ज झाला का हे त्या दिव्यावरून मला कधीच कळलेलं नाही, ती सांगायची, 'झाला, काढा.' सिग्नलला वरचा म्हणजे थांब, खालचा म्हणजे जा, एवढं गणित पाठ आहे. मी रंगांवर जगत नाही, जागांवर जगतो. वस्तू जिथली तिथे असली की माझं चालतं. गेल्या नवरात्रात सकाळी दूध आणायला निघालो तर रस्ताभर बायका एकाच रंगात. कामाला निघालेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, झाडू मारणाऱ्यासुद्धा. सगळ्यांचा रंग एक आहे एवढं मला कळत होतं, कोणता ते कळत नव्हतं. दरवर्षी ती सकाळी चहा देतानाच सांगून टाकायची. मी दूध घेतलं आणि कुणाकडेही न बघता परत आलो.

तिच्या मोठ्या बहिणीला मी ताई म्हणतो. त्या लोणी काळभोरला असतात. तेरा दिवस त्या इथेच होत्या आणि तेवढ्या दुःखातही त्यांनी बायकोचं कपाट नीट लावून दिलं. सगळ्या साड्या बाहेर काढल्या, झटकल्या, नव्या घड्या घातल्या आणि आत ठेवल्या. मी तेव्हा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ताई, हे करू नका. पण का, हे सांगता आलं नसतं. सुती साड्यांच्या कप्प्यात डावीकडून दुसरी ती 'हिरवी', हे मला पाठ होतं. ताईंनी कपाट लावलं आणि माझी ती जागा गेली.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर एकदा ताईंचा फोन आला. "भाऊजी, साड्या किती दिवस कपाटात ठेवणार? कसर लागेल. आमच्या इथं एक बाई फार सुरेख गोधड्या शिवते. सुती साड्यांच्या दोन करून घेऊ. एक माझ्या नातीला, एक तुम्हाला. तिच्याच साड्यांची ऊब राहील अंगावर. मी रविवारी येते."

नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. जुन्या मऊ साड्यांचे थर लावून शिवलेली गोधडी बायकोलाही आवडायची. फक्त ती एक साडी मला कापायला द्यायची नव्हती. मी कप्पा उघडला. काठापदराच्या, नक्षीच्या साड्या बाजूला झाल्या आणि खाली तीन उरल्या. तिन्ही साध्या, तिन्ही जुन्या, तिन्ही बोटभर काठाच्या. पहिली विरायला लागली तेव्हा तिनं एका प्रदर्शनातून तशाच पोताच्या आणखी दोन घेतल्या होत्या, एक पिस्ता आणि एक बदामी. तिघी पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी एकीकडून दुसरीकडे बघत राहिलो. मला एकच साडी तीनदा दिसत होती.

मग मला खुणा आठवल्या. तिन्ही साड्यांचे चारही कोपरे अंगठ्यानं चाचपले. काठ चाचपले, पदर चाचपले. कुठेही गाठ लागली नाही. लागणार कशी? खुणा माझ्या कपड्यांना होत्या. तिच्या साड्यांचा रंग सांगायला ती होतीच की.

आता कुणी म्हणेल, तिन्ही ठेवून घ्यायच्या. मलाही ते सुचलं. पण तीन ठेवणं म्हणजे त्यातली एकही न ओळखणं. मी कपाट उघडणार आणि पिस्त्यावर हात ठेवून गहिवरणार, हे मला मान्य नव्हतं. ताईंना विचारावं तर त्या म्हणणार, समोर तर आहे! फोनमध्ये रंग ओळखणारं ॲप असतं असं कळलं, तेही उतरवलं. त्यानं खिडकीपाशी एक इंग्रजी नाव सांगितलं आणि ट्यूबलाइटखाली त्याच साडीला दुसरं.

गुरुवारी तिन्ही साड्या पिशवीत घालून मी कोपऱ्यावरच्या मॅचिंगच्या दुकानात गेलो. बेत असा होता की, 'यातल्या अबोलीला फॉल द्या' म्हणायचं आणि ती मुलगी कोणती उचलते ते बघायचं. मुलगी विशीची होती. तिनं तिन्ही साड्या काउंटरवर पसरल्या आणि म्हणाली, "सर, अबोली म्हणजे नेमका कोणता शेड? पीचमध्ये का कोरलमध्ये? तुम्ही हात लावून दाखवा ना, मी परफेक्ट मॅच करून देते."

माझ्याकडे शब्द होता आणि तिच्याकडे डोळे होते. हात लावून दाखवायचा तेवढा राहिला होता. मी म्हणालो, "मॅचिंगचं दुकान काढलंत आणि अबोली माहीत नाही? पाटीवरचं मॅचिंग पुसा, नुसतं सेंटर ठेवा." शेजारच्या दोन बायका हसल्या. मुलगी ओशाळली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या झाल्यावर तिनं पिशवी माझ्यापुढे सरकवली. मी रस्त्यावर आलो आणि मला ती डबा न उघडणारी मुलगी आठवली. सदुसष्टाव्या वर्षी तेच.

घरी जावंसं वाटेना. शब्दाला डोळे नसतील तर फूलच शोधावं असं मनात आलं आणि मी बस पकडून बुधवार पेठेत गेलो. मंदिराच्या रांगेच्या कडेला गजरेवाल्या बसतात. एका बाईच्या टोपलीत ओल्या फडक्यावर गजरे होते. मी विचारलं, "अबोली आहे का?"

"हाय की. नुसती पायजे का मोगऱ्यातली?"

"नुसती."

तिनं एक गजरा हातावर ठेवला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, पिशवीतून एकेक साडी काढली आणि गजरा त्यावर धरून बघितला. पहिलीवर धरला, तर दोन्ही एकच. दुसरीवर धरला, दोन्ही एकच. तिसरीचंही तेच. इतका सोपा विचार आधी कसा केला नाही? फूल हातात आलं तरी बघणारा मीच होतो ना. रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. म्हातारा साड्या घेऊन भिंतीशी काय करतोय, असं त्यांना वाटत असणार.

"काका, घ्यायचा का नाय गजरा? आन् साड्यांचं काय चाललंय?"

जिभेवर काहीतरी खोचक आलं होतं. ते मी गिळलं. म्हणालो, "मला रंग कळत नाहीत. लहानपणापासून. यातली ह्या फुलाच्या रंगाची कोणती, तेवढं सांगा."

"येवढंच व्हय?" ती म्हणाली. तिनं तिघींकडे नुसतं बघितलं आणि मधलीवर बोट ठेवलं. "ही. लई जुनी हाय, इटलीय. पर रंग त्योच. कुनाची?"

"बायकोची."

"हायत का त्या?"

"नाहीत."

तिनं साडीची घडी स्वतःच्या मांडीवर घेतली, गजरा तिच्याभोवती गुंडाळला आणि दोऱ्याची गाठ मारून दिली. "आता मिसळायची न्हाय," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. साठ वर्षं मी जे पोटात ठेवलं होतं ते तिच्या लेखी दोन गजरे विकायच्या मधलं काम होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. एवढंच होतं तर आपण कुणासाठी एवढे एकटे राहिलो, असं वाटत राहिलं.

परतीच्या बसमध्ये साडी मांडीवर धरून बसलो. दुसऱ्या दोघींची पिशवी पायाशी ठेवली. गजरा सुकेल, उद्या गळून पडेल आणि साडी पुन्हा तिघींतली एक होईल, ही भीती होती. म्हणून घरी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, तिचा शिवणाचा डबा काढला. तिनं ठरवलेल्या खुणांत अबोलीला आकडा नव्हता, कारण माझ्याकडे त्या रंगाचं काही नव्हतं. मी चार ठरवले. रिळं एकेक करून साडीवर ठेवून बघितली. एक रीळ असं निघालं की त्याचा दोरा साडीवर टाकला तर दिसेचना, कापडात पार नाहीसा झाला. म्हणजे हाच रंग. सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागला. कोपऱ्यात चार टाके घातले, वेडेवाकडे, दोनदा बोटात सुई गेली. अंगठा फिरवून बघितला, चार गाठी नीट लागल्या. मला बरं वाटलं. वर्षभरात त्या घरात मी काही पुरं केलं असं वाटलं ते त्या दिवशी.

शुक्रवारी आणि शनिवारी मी ती साडी दोन-तीनदा कपाटातून काढली आणि कोपरा चाचपून परत ठेवली.

रविवारी ताई आल्या. चहा त्यांनीच केला, माझ्या चहाबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. मग कपाटापुढे बसून साड्यांचा ढीग लावायला घेतला. पिस्ता आणि बदामी मी आधीच ढिगात टाकल्या होत्या. अबोली खुर्चीवर वेगळी ठेवली होती. ताईंची नजर तिच्यावर गेलीच.

"अगं बाई, ही बघण्याच्या वेळची ना! इतकी वर्षं ठेवली होती तिनं?" त्यांनी ती उचलली, गालाला लावली, आणि घडी उलगडताना कोपरा त्यांच्या हातात आला. "हे काय? अबोली साडीवर हे हिरवेगार टाके कुणी घातले?"

हिरवेगार. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"भाऊजी! तुमची चेष्टा अजून जात नाही हो!" आणि त्या हसायला लागल्या. "हिरवा रंग खुलून दिसतो म्हणे! आम्ही आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होतो. आई म्हणाली, मुलगा मोठा चेष्टेखोर आहे, ही सुखात राहील. आणि आता तिच्या माघारी तेच आठवून हिरवे टाके... तुमची कमाल आहे." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिच्या बहिणीच्या मनात मी बायकोच्या आठवणीत गोड थट्टा करणारा नवरा होऊन राहिलो असतो. खऱ्यापेक्षा ते कितीतरी चांगलं होतं.

"ताई, चेष्टा नाही," मी म्हणालो. "मला तो दोरा अबोलीच वाटला. मला लाल-हिरवं दिसत नाही. तेव्हाही दिसत नव्हतं."

त्यांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी साडी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "तिला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला बोलली नाही कधी." त्यांचा आवाज जरा दुखावलेला होता. "मला ती सगळं सांगायची. तुमची भांडणं, तिची दुखणी, मूल होत नव्हतं तेव्हाचं सगळं. हे एवढंच नाही सांगितलं. एवढी वर्षं."

मलाही ते तेव्हाच कळलं. मी सांगू नकोस असं तिला कधी म्हणालो नव्हतो. आणि तिनं ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. माझी लाज तिनं स्वतःची म्हणून सांभाळली होती आणि त्याबद्दल माझ्याशीही कधी बोलली नव्हती. मला रडू आलं. ताईंसमोर मी पहिल्यांदाच रडलो, तेरा दिवसांतही रडलो नव्हतो.

थोड्या वेळानं ताईंनी डोळे पुसले, शिवणाचा डबा पुढे ओढला आणि त्यातून छोटी कात्री काढली. "आणा, हे उसवते आणि अबोली दोऱ्यानं नीट घालून देते. चारच ना?"

"राहू द्या," मी म्हणालो.

"अहो, फार हिरवा आहे तो. डोळ्यांत भरतो."

"असू दे," मी म्हणालो. "तिला हिरवा खुलून दिसायचा."